आमच्या वाचनालयाची वेबसाइट शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

वेबसाइटच्या उद्घाटनाला अध्यक्ष तुमचं नाव घेणार होते. आदल्या रात्री फोन करून तुम्ही ते काढायला लावलंत, म्हणून इथेही लिहीत नाही. पण आभार चारचौघांत मानावेत असं मला मनापासून वाटतं. शिवाय तुम्ही जे शिकवलंत ते माझ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या ग्रंथपालांच्या आणि मराठीत पहिलीच वेबसाइट करायला बसलेल्या कुणाच्याही कामाचं आहे. म्हणून हे पत्र उघडंच लिहिते.

तुमचा पहिला धडा संगणकावर झालाच नाही. तुम्ही म्हणालात, काउंटरवर आणि फोनवर लोक काय काय विचारतात ते एका वहीत लिहून ठेव, मग बोलू. आज वाचनालय उघडं आहे का? अमुक पुस्तक परत आलं का? अनामत किती? दिवाळी अंक योजनेची वर्गणी कधीपासून घेता? गणपतीला गावी येणारे चाकरमानी विचारायचे, सुट्टीपुरतं सभासद होता येतं का? वही भरत गेली तशी तुम्ही ती व्हिडिओ कॉलवर माझ्याकडून वाचून घेतलीत. कार्यकारिणीचा फोटो किंवा अध्यक्षांचं मनोगत त्यात कुणीच मागितलेलं नव्हतं. तुम्ही त्यांना नाही म्हटलं नाहीत. त्यांना स्वतंत्र पान देऊ, पण फोनवर पहिल्यांदा जे दिसतं ती जागा विचारणाऱ्यांची, एवढंच म्हणालात. आज मुखपृष्ठावर सगळ्यात वर वेळ आणि सुट्टीचे दिवस आहेत, त्याखाली पुस्तक शोधायची पेटी आहे, मग वर्गणी. डिझाइन म्हणजे रंग आणि चित्रं, अशी माझ्या डोक्यात कल्पना होती. वाचकाचे प्रश्न कोणत्या क्रमाने येतात तो क्रम लावणं हेच मोठं डिझाइन आहे, हे त्या वहीने शिकवलं. ग्रंथपालनाच्या अभ्यासक्रमात ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची १९३१ सालची पाच सूत्रं आम्ही पाठ केली होती. त्यातलं चौथं सूत्र ‘वाचकाचा वेळ वाचवा’. कपाटांची मांडणी करताना ते मी पाळतच होते, तुम्ही ते पडद्यावर पाळायला लावलंत.

त्यानंतर आली ती नोटपॅडमधली कोरी फाइल. रंग नाही, फॉन्ट नाही, तयार नमुना नाही. नुसतं एचटीएमएल, म्हणजे पानाचा कोणता भाग काय आहे ते सांगणाऱ्या खुणा: मथळा, परिच्छेद, यादी, दुवा. पानाचं रंगरूप आणि मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसला कितीतरी दिवस हात लावू दिला नाहीत. तेव्हाच तुम्ही मला सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं जगातलं पहिलं संकेतस्थळ दाखवलंत. वेबची कल्पना काढणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांचं १९९१ सालचं ते पान आजही उघडतं आणि ब्राउझरची खिडकी लहान-मोठी केली की आपोआप तिच्या रुंदीत बसतं. पान मुळात कुठल्याही पडद्यावर मावतं, आपण त्याला ठरावीक रुंदीत जखडलं की ते मोडतं, हे तुमचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. आणि त्याच बैठकीत तुम्ही ३० एप्रिल १९९३ ची गोष्ट सांगितलीत. त्या दिवशी सर्नने वेबचं हे तंत्रज्ञान सगळ्यांना विनामूल्य खुलं केलं. या तंत्रज्ञानासाठी कुणाला पैसे न देता, कुणाची परवानगी न मागता एका लहानशा वाचनालयाला आपलं पान जगापुढे मांडता येतं ते त्यामुळे. हे सांगताना तुमच्या आवाजात जो आनंद होता, त्यानेच मला शिकायची खरी ओढ लावली.

आता मराठीविषयी. ताई, खरं तर हे सगळं पत्र त्यासाठीच आहे.

इंटरनेटवर शिकायला मिळतं ते बहुतेक इंग्रजी पानांसाठी असतं. शिकणारा ते जसंच्या तसं घेतो आणि मराठी मजकूर त्यात ओततो. तुम्ही पहिल्या ओळीपासून मराठी वाचक डोळ्यांपुढे ठेवलात. फाइलच्या सुरुवातीलाच यूटीएफ-८ ची, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली आहेत त्याची नोंद, आणि एचटीएमएलच्या अगदी पहिल्या खुणेत भाषा मराठी असल्याचं सांगणारी दोन अक्षरं, ‘एमआर’. दिसायला किती क्षुल्लक! पण त्यामुळे दोन गोष्टी घडतात. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे दिसतात. आणि पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कळतं की मराठीच्या आवाजात वाचायचं आहे. आमचे एक ज्येष्ठ सभासद दृष्टी अधू झाल्यापासून फोनवर ऐकूनच सगळं करतात. तुम्ही मला त्यांच्या शेजारी बसून पान ऐकायला सांगितलंत. मथळ्यावरून मथळ्यावर ते कसे उड्या मारत जातात आणि नुसतं ‘इथे क्लिक करा’ ऐकलं की कसे थांबतात, ते मी पाहिलं. आता आमच्या प्रत्येक दुव्यावर तो कुठे नेतो ते लिहिलेलं असतं. फोटोंनाही वर्णन आहे. फिकट राखाडी अक्षरं मला आवडायची. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ असला पाहिजे हा नियम तुम्ही त्यांच्यासाठी सांगितलात, पण त्याचा उपयोग दुपारच्या उन्हात एसटी स्टँडवर फोन बघणाऱ्या प्रत्येकाला होतो.

अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडायची एक आज्ञा सीएसएसमध्ये आहे. इंग्रजी मथळ्यांत ती शोभून दिसते. तुम्ही ती वाचनालयाच्या नावाला लावून दाखवलीत आणि शिरोरेखेचे तुकडे तुकडे झाले. देवनागरीला ही आज्ञा लावायची नाही, हे मग सांगावं लागलं नाही. ओळींमधलं अंतरही तसंच. रोमन लिपीसाठी अक्षराच्या आकाराच्या १.५ पट पुरतं, पण आपल्याकडे वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. वरच्या ओळीतला ‘ट्टू’ खालच्या ओळीतल्या ‘र्मीं’ला टेकतो. १.७५ वर आलो तेव्हा कुठे परिच्छेद मोकळा झाला. फॉन्ट निवडताना तुम्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला मुक्ता सुचवलात. तो कुणालाही मोफत वापरता येतो, त्याची वेगवेगळी वजनं, म्हणजे जाड-बारीक रूपं, मिळतात आणि बारीक आकारातही जोडाक्षरं स्पष्ट दिसतात. मोबाइलवर आमच्या पुस्तकांच्या याद्या वाचताना हे जाणवतं.

जुनी यादी हे सगळ्यात अवघड प्रकरण होतं. काही वर्षांपूर्वी कुणीतरी खूप कष्टाने टाइप करून ठेवलेली हजारो नावं, आणि पानावर चिकटवली की सगळी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ. जुन्या फॉन्टमध्ये साठवलेलं अक्षर इंग्रजीच असतं, फॉन्ट फक्त त्याला मराठी आकार देतो; फॉन्ट काढला की मराठी नाहीशी होते, हे तुम्ही एक एक अक्षर दाखवत समजावलंत. रूपांतर करून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेतांक असलेल्या पद्धतीत, आणल्यावरही तुम्ही थांबला नाहीत. शोधाच्या पेटीत ‘किनाऱ्या’ टाकून बघ म्हणालात. पुस्तक कपाटात होतं, यादीत होतं, डोळ्यांना दिसत होतं, आणि शोधात मात्र येत नव्हतं. कारण ‘ऱ्य’ दोन पद्धतींनी साठवता येतो: एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसरीत साधा ‘र’ आणि हलन्तापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चंही तेच. शोधण्याआधी दोन्ही रूपं एका रूपात आणणारं चार ओळींचं फंक्शन आपण लिहिलं. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत मी लिहिलेलं ते पहिलं उपयोगी काम. त्यानंतर क्रम. यंत्र आपल्या संकेतांकांप्रमाणे ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच पुढे बसवतं, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. तुलना करताना भाषा मराठी आहे एवढं सांगितलं की ब्राउझर क्रम नीट लावतो, हे तुम्ही दाखवलंत तेव्हा कार्ड-कॅटलॉगवर वाढलेल्या मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. आपल्या भाषेची व्यवस्था त्या यंत्रात कुणीतरी आधीच प्रेमाने करून ठेवली आहे, फक्त ती मागून घ्यायची असते.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. पानावरच्या प्रत्येक खोक्याला तात्पुरती रंगीत चौकट देऊन पॅडिंग (आतली मोकळी जागा) कुठे संपतं आणि मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) कुठे सुरू होतं ते बघायची युक्ती मी अजून वापरते. खोकी एका रांगेत मांडायची सीएसएसची रीत, फ्लेक्सबॉक्स, जमलं. आडव्या-उभ्या जाळीत मांडायची रीत, ग्रिड, अजून पुरतं आलेलं नाही, पण आमच्या पानांना त्याची फारशी गरजही पडत नाही. फोटोंच्या बाबतीत तुम्ही फार कडक होतात आणि ते योग्यच होतं. पावसाळ्यात आमच्याकडे नेटवर्क कसं असतं ते तुम्हाला माहेरपणामुळे ठाऊक आहे. कॅमेऱ्यातला ४ एमबीचा फोटो लहान करून १५० केबीच्या आत आणल्याशिवाय तुम्ही तो चढवू दिला नाहीत.

शिकवण्याची तुमची रीत मात्र भराभर सांगून भागणार नाही. दिवसभर ऑफिस करून, मागे कुकरच्या शिट्ट्या चालू असताना तुम्ही कॉलवर यायचात. पडदा माझा, कीबोर्ड माझ्याकडे. काही अडलं की उत्तराऐवजी प्रश्न यायचा: ‘इन्स्पेक्ट उघड, काय दिसतं ते सांग.’ ब्राउझरच्या त्या खिडकीत पानाची आतली रचना दिसते; मी बघून सांगायचे, तुम्ही पुढचा प्रश्न विचारायचात आणि तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला उत्तर माझ्याच तोंडून निघायचं. पाच मिनिटांत तुम्ही स्वतः करून टाकलं असतं अशा गोष्टीसाठी तुम्ही तास दिलात. त्या प्रत्येक तासासाठी मी तुमची ऋणी आहे. आता रजेचा फलक बदलायचा असो की नवं पान जोडायचं असो, मला कुणाची वाट पाहावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण संस्था चालवणाऱ्यांनी ती वाचायला हवी. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, विकत घ्यायची वेळ आली तेव्हा तुम्ही ते ना स्वतःच्या नावावर घेतलंत, ना माझ्या. वाचनालयाच्या नावाने ईमेल उघडायला लावलात, त्यावरच नोंदणी केलीत, पासवर्ड लिहून बंद पाकिटात चिटणीसांच्या कपाटात ठेवायला सांगितलेत आणि नूतनीकरणाची तारीख कार्यकारिणीच्या इतिवृत्तात नोंदवून घेतलीत. कुणी नोकरी सोडली, कुणाची बदली झाली की त्याच्याबरोबर संस्थेची वेबसाइटही जाते, असं होऊ नये म्हणून. पानंही साध्या फाइलींची ठेवलीत, ज्यांच्या मागे सतत अपडेट करत राहावं लागेल असं काही नाही. तुम्ही नसताना, मी नसतानाही वाचनालयाचं काम चालावं, हा विचार शिकवणाऱ्यांत मला फार कमी वेळा दिसला आहे.

सध्या दिवाळी अंकांची सूची हातात घेतली आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तितका जुना अंक आमच्याकडे नाही, पण मागच्या खोलीतल्या कपाटांत कितीतरी दशकं आहेत, आणि त्यातल्या कथा-लेखांची सूची कुठेच नाही. अंक, वर्ष, लेखक, शीर्षक, पान, असे पाच रकाने धरले आहेत. अडचण लेखकांच्या नावांची आहे. एकच माणूस एका अंकात आद्याक्षरांनी, दुसऱ्यात पूर्ण नावाने आणि तिसऱ्यात टोपणनावाने येतो. सगळ्यांना एका नोंदीखाली आणून अंकात छापलेलं नावही तसंच दाखवायचं, असं मी ठरवलं आहे. त्यासाठी लेखकांची वेगळी फाइल करून क्रमांकाने जोडायचा विचार आहे. पहिल्या कपाटाची यादी शनिवारी पाठवते. रचना बरोबर आहे का ते बघा, आणि ‘ॲ’चं फंक्शन या नव्या यादीलाही लावलं आहे, तेवढं एकदा तपासून सांगा.

आईंना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
वाचनालयातली सहायक ग्रंथपाल