‘इतरां’मधल्या एकीचं पत्र

आदरणीय फ्रान्स्वाज बारे-सिनूसीबाई,
सादर नमस्कार.

रात्रीची गोळी घेतली आणि लिहायला बसले. मिरजेजवळच्या आमच्या गावात तुमचं नाव कुणाला ठाऊक नसेल. मलाही इतकी वर्षं नव्हतं. मुलगा लॅब टेक्निशियनचं शिकतोय, त्यानं तुमचं काम, म्हणजे एड्सचा विषाणू एचआयव्ही तुम्ही कसा शोधलात ते, उलगडून सांगितलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

1983 चा जानेवारी. एका रुग्णाच्या मानेतल्या सुजलेल्या गाठीचा तुकडा पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आला. तुम्ही आणि तुमचे सहकारी शेर्मां व मोंतान्ये यांनी त्यातल्या पेशी वाढवायला ठेवल्या. दर तीन-चार दिवसांनी तुम्ही एकच गोष्ट मोजायचात: रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. आरएनएवरून डीएनए तयार करणारं हे एन्झाइम म्हणजे रेट्रोव्हायरस या जातीच्या विषाणूंची खूण; एचआयव्ही त्यातलाच. पहिल्या आठवड्यात काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यात आकडा हलला, चढला आणि मग घसरायला लागला, कारण पेशीच मरत होत्या. तेव्हा तुम्ही एका रक्तदात्याच्या ताज्या पेशी त्यात घातल्यात. विरजण टिकवायला आपण ताजं दूध लावतो ना, तसंच मला वाटलं ते. आकडा पुन्हा चढला, नव्या पेशीही मरू लागल्या. 20 मे 1983 च्या ‘सायन्स’ या नियतकालिकात हे छापून आलं, त्यात पहिलं नाव तुमचं.

मी त्या एन्झाइमपाशीच अडून बसले. 2005 साली माझी एआरटी, म्हणजे एचआयव्हीला रोखणारी औषधं, सुरू झाली तेव्हा स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन, नेव्हिरापीन अशी औषधं होती, सकाळ-संध्याकाळ. मुलगा म्हणाला, ‘‘आई, ही तिन्ही त्याच एन्झाइमला अडवतात.’’ म्हणजे ज्या खुणेवरून तुम्ही विषाणू धरलात, तिथंच औषधानं त्याला गाठलं. स्टॅव्हुडीननं माझे गाल बसले, पायांना मुंग्या यायच्या, तरी एक डोस चुकवला नाही. आता रात्री एकच गोळी असते. तिच्यातली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडीन अजून तेच काम करतात. तिसरं, डोल्युटेग्राव्हिर, विषाणूची प्रत आपल्या डीएनएत घुसू देत नाही. सुरुवातीला माझा सीडीफोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, फक्त 112 होता. गेल्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, म्हणजे विषाणू सापडला नाही, असं छापलंय. ते वाचायला मला इंग्रजी येत नाही, पण ते शब्द कसे दिसतात ते पाठ झालंय.

आमचे हे 2002 मध्ये गेले. तीन औषधं एकत्र दिली की माणसं उठून बसतात हे 1996 पासून जगाला माहीत होतं. आमच्या घरापर्यंत ते आलं नाही. सरकारी केंद्रांत फुकट औषध मिळायला लागलं ते एप्रिल 2004 पासून. शेवटच्या दिवसांत एका दवाखान्यात त्यांच्या खाटेला चिठ्ठी लावली होती, चहाचा कपसुद्धा लांबून सरकवायचे. याचा राग अजून जात नाही. तुम्ही मात्र प्रयोगशाळेत बसून राहिला नाहीत. 1985 मध्ये मध्य आफ्रिकेतल्या बांगी शहरात गेलात, पुढं व्हिएतनाम, कंबोडिया. 2008 ला नोबेलची बातमी फोनवर आली तेव्हाही तुम्ही कंबोडियातच होतात. हे वाचून फार बरं वाटलं. औषध शोधलं गेलं तरी ते गरिबाच्या खाटेपर्यंत पोचवावं लागतं, हे तुम्हाला कुणी सांगायची गरज पडली नाही.

आणखी एक गोष्ट मुलानं वाचून दाखवली. ऐंशीच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या रुग्णालयात एड्सनं मरणपंथाला लागलेल्या एका माणसानं तुमचा हात धरून आभार मानले. त्याला नीट बोलताही येत नव्हतं. स्वतःसाठी नाही, इतरांसाठी, असं तो म्हणाला. तुम्ही हा प्रसंग पुढं कितीदा तरी सांगितलात.

बाई, त्या इतरांमधली मी एक. शिवणकाम करते. यंदा दिवाळीत चाळीस ब्लाउज शिवले. मुलगा निगेटिव्ह आहे, उंचीनं त्याच्या वडिलांवर गेलाय. त्या माणसाचे आभार मला मानता येणार नाहीत, तेही तुम्हालाच पाठवते.

आपली कृतज्ञ,
(नाव लिहीत नाही. मुलाचं लग्न व्हायचंय.)