पडद्यामागच्या हातांना धन्यवाद

महोदय,

दरवर्षी ९ जानेवारीला आपल्याकडे गोव्यात विधिकार दिन, म्हणजे आमदारांचा दिवस, साजरा होतो. १९६४ साली याच दिवशी गोवा, दमण आणि दीव विधानसभेची पहिली बैठक पणजीत भरली. यंदा एका वेगळ्या वर्गाचे आभार मानावेसे वाटतात: विधानसभा सचिवालयाच्या कर्मचाऱ्यांचे.

मी सत्तरी तालुक्यातला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने आमची माडाची झाडे आडवी केली, विजेचे खांब मोडले. त्यातून सावरतो न सावरतो तोच २३ जुलैला म्हादई आणि वेळूस नदीचे पाणी घरांत शिरले. भांडी, कपडे, पोरांची पुस्तके, सगळे चिखलात. आठवडाभरातच पर्वरीत विधानसभेचे पावसाळी अधिवेशन भरले, तेही कोरोनाच्या काळात. पुरावर बोलले आमदार. पण आमदारांचे प्रश्न छाननी करून खात्यांकडे पाठवणारे, उत्तरे छापून वेळेत पटलावर पोहोचवणारे, कोकणी, मराठी, इंग्रजीतली भाषणे शब्दन्‌शब्द टिपणारे प्रतिवेदक, दारावरचे मार्शल, रात्री उशिरापर्यंत थांबणारे शिपाई आणि चालक यांची नावे कुठे येतात? त्यांच्यापैकीही कुणाच्या घरात पाणी शिरले असेलच.

नुकसानभरपाईसाठी खेपा घालताना आमच्या भागाबद्दल सभागृहात काय आश्वासन दिले गेले, ते आम्हाला कामकाजाच्या वृत्तांतात वाचायला मिळाले. तो कागद हाती घेऊन बोलता आले, हा आधार फार मोठा होता.

येत्या विधिकार दिनी व्यासपीठावर माजी आमदारांच्या शेजारी या कर्मचाऱ्यांनाही बोलवावे, ही सभापतींना विनंती.

– एक वाचक, वाळपई, सत्तरी