आक्का, तुम्ही मला रडू दिलंत त्याबद्दल

आक्का, जय ख्रिस्त.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "गप गं, चहा ठेव" म्हणून विषयच बंद करता, म्हणून सगळ्यांसमोर लिहायला घेतलंय. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही, पण आपल्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांना कळेलच.

ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, आता डायलिसिसशिवाय इलाज नाही असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा घरात माणसांची रीघ लागली होती. सगळी आपलीच, सगळ्यांचा आमच्यावर जीव, पण जो तो एक वाक्य ठेवून जायचा. देवाची काहीतरी योजना असेल. विश्वास कमी पडू देऊ नको. एकजणी तर, घरात कुणाचं पाप राहिलंय का बघा, कबूल करा, असं म्हणून गेली आणि ती रात्र मी भिंतीकडं बघत काढली. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, मी ते सांगितलं, तर तुम्ही काही न बोलता योहानाचा नववा अध्याय काढून वाचलात. जन्मापासूनचा आंधळा माणूस, शिष्य विचारतात पाप कुणाचं, ह्याचं का ह्याच्या आईबापाचं, आणि प्रभू म्हणतो ह्याचंही नाही, आईबापाचंही नाही. "प्रभूनं सांगितलंय, आता त्यावर दुसऱ्या कुणाचं ऐकायचं न्हाई," एवढंच म्हणालात आणि लगेच विचारलंत, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या रक्त तपासणीचा आकडा, किती आलंय, फाईल आण.

त्या दिवशी फाईलबरोबर माझं पण ओझं तुम्ही हातात घेतलंत आक्का.

पुढचं सगळं तुम्हीच शिकवलंत. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात, डॉ. वानलेस साहेबांनी १८९४ ला सुरू केलेल्या त्या दवाखान्यात तुम्ही नर्सिंग शिकलात, ते तुमच्या हातात अजून आहे. भाजी बारीक चिरून पाण्यात भिजवायची, उकळायची, पाणी फेकून द्यायचं म्हणजे पोटॅशियम कमी होतं. नारळपाणी बंद, केळं बंद. दिवसभराचं पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून ठेवायचं, चहा आमटी सगळं त्यातनंच वजा. ज्या हाताला डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला केलाय त्या हातावर बीपी बघू द्यायचं नाही, दुसरी कसली सुई टोचू द्यायची नाही, कोण कितीही घाईत असू दे, तिथं भांडायचं. तांबड्या रश्श्यावर जीव असलेल्या माणसाला बिनमिठाचं जेवण वाढताना माझे हात थांबायचे, तेव्हा तुम्हीच शेजारी बसून त्याच ताटातलं खाल्लंत. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतंय हेही तुम्हीच सांगितलंत, नाहीतर दागिने मोडायची वेळ आली होती.

आणि मग २०२१ चा जुलै. आपल्या कोल्हापुरात पंचगंगेला ४३ फुटाला धोका म्हणतात, त्या वेळी पाणी ५० च्या वर गेलं, शिरोलीपाशी हायवे बंद, आणि उपसा केंद्रं पाण्यात गेल्यामुळं शहराचं नळाचं पाणी पण बंद. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही, चारी बाजूनं पाणी आणि नळाला थेंब नाही. डायलिसिसचं मशीन मिनिटाला अर्धा लिटर पाणी घेतं, चार तासाला १२० लिटर, आणि ते पण आरओचं. आमच्या सेंटरवाल्यांनी फोन करून सांगितलं, टँकर मिळाला तर कळवतो. ह्यांचा टर्न चुकला, पाय सुजले, रात्री आडवं झालं की दम लागायचा. कोरोनामुळं चर्च बंद होतं, प्रार्थना काय ती व्हॉट्सॲपवर, आणि ग्रुपवर सगळे हात जोडलेले टाकत होते. मला ते बघवेना.

तुम्ही भर पावसात चालत आलात. बीपी बघितलंत, पाणी अजून कमी करायला लावलंत, उशा लावून ह्यांना बसतं केलंत. मग तुमच्या हाताखाली शिकलेल्या पोरींना एकेक करून फोन. मध्येच मी बोलून गेले की आक्का, मला देवाचा राग येतोय, प्रार्थना तोंडातनं निघत नाही. वाटलं रागवाल. तुम्ही म्हणालात, "मग राग आलाय असंच सांग त्याला. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलंयस का? शेवटपर्यंत नुसता अंधार हाय त्यात, शेवटची ओळ पण अंधाराचीच. पण बोलतोय कुणाशी? त्याच्याशीच नव्हं?"

मी लहानपणापासनं शब्बाथशाळेत गेलेली, तरी भरवसा म्हणजे तोंडावर हसू ठेवून सगळं बरं होईल म्हणत राहणं असंच मनात बसलं होतं. वधस्तंभावर प्रभूनं स्वतः विचारलं होतं की मला का सोडलंस, हे दर गुड फ्रायडेला ऐकतो आपण, पण मला तसं विचारायची मुभा आहे हे त्या रात्री, मेणबत्तीच्या उजेडात, तुमच्याकडनं कळलं. मी रडले, भांडले, देवाला नको नको ते विचारलं. तुम्ही मला थांबवलं नाहीत, मध्ये एक वचन पण घातलं नाहीत. ते झाल्यावर उठून जरा भात टाकला, तेवढं बळ आलं होतं. पहाटे एका पोरीचा फोन आला, त्यांच्या सेंटरला टँकर आलाय, लगेच निघा.

हे बरे झालेले नाहीत. साक्ष द्यायला उभं राहिलं की लोक चमत्काराची वाट बघतात आणि माझ्याकडं तसला चमत्कार नाही. आठवड्यातनं दोनदा सुया, घरी आले की थकवा, ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव. पण आम्ही दोघं रोज रात्री देवाशी बोलतोय, कधी आभार, कधी नुसती तक्रार, आणि तो ऐकतोय यावर माझा विश्वास त्या पुराच्या आधीपेक्षा आता जास्त आहे. हा विश्वास देवाचाच, पण तो माझ्यापर्यंत पोचला तुमच्या पायांनी.

परवा सेंटरमध्ये एक नवीन पोरगी भेटली, नवऱ्याला पहिल्यांदाच आणलेलं, कॉरिडॉरमध्ये एकटीच रडत होती. ती आपल्यातली नाही, देवाधर्माचं काही बोलले नाही, शेजारी बसले फक्त. तुम्ही लिहून दिलेल्या पथ्याच्या कागदाची झेरॉक्स तिला दिली, तिला तुम्हाला भेटायचंय.

तर गुरुवारची प्रार्थना सभा आमच्याकडं आहे, गुडघा दुखतोय तर चालत येऊ नका, रिक्षा पाठवते. ती पोरगी पण येते म्हणालीय.

तुमचीच,
कदमवाडीची लेक