कोणती बोटं, ते तू विचारलं होतंस

प्रिय दिग्या,

दहा महिने झाले. तुझे तीन निरोप आले, एकाचंही उत्तर दिलं नाही. सबबी सांगत नाही. तू त्या रात्री विचारलं होतंस ते बरोबर होतं आणि भांडण मी काढलं होतं, तेही तू पावसात अडकून आमच्याकडे मुक्कामाला असताना.

मी बरा आहे. ताईचा गुडघा होता तसाच. आता आईचं सांगतो.

सात आठवड्यांपूर्वी सकाळी तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर आणि मधल्या बोटावर फोड दिसले, टपोरे, पाण्याने भरलेले. मी विचारलं, "हे कधी झालं?" ती म्हणाली, "काय?" आणि हात उचलून बघितला, तेव्हा तिलाही कळलं. रात्री शेकायला गरम पाण्याची पिशवी मीच भरून दिली होती. वर फडकं गुंडाळलं होतं, ते झोपेत निसटलं असणार. उघडी पिशवी बोटांना लागून राहिली आणि तिला जागच आली नाही. अरे, चटका बसला की झोपेतला माणूससुद्धा हात ओढून घेतो. तिने घेतला नाही, कारण त्या बोटांकडून तिला काही कळलंच नाही.

हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? तुझ्या बाबांच्या पायाचं झालं त्या रात्री मी तुला म्हणालो होतो, "इतकं होईपर्यंत तुझं लक्ष कसं गेलं नाही?" तू काही बोलला नव्हतास. तेव्हा मी असं बोलायला नको होतं, दिग्या. आज कळतंय.

तुला आठवत असेल, दोन वाजता तू पाणी प्यायला उठलास तेव्हा आई अंधारात पलंगावर बसून दोन्ही हात झटकत होती, थर्मामीटर झटकतात तशी. मी ते महिनोन्महिने बघत होतो. मला वाटायचं, हात धुऊन आलीय, पाणी झटकतेय. तू तिच्याशेजारी बसलास आणि विचारलंस, "काकू, कोणती बोटं?" तिने तुला मोजून सांगितलं. अंगठा, शेजारची दोन, अनामिका थोडी. करंगळीला काही नाही. मला तिने आजवर एवढंच सांगितलं होतं की हाताला मुंग्या येतात रे. त्यापुढे मी काही विचारलंही नव्हतं.

सकाळी तू म्हणालास, नस तपासून घे. मी भडकलो. दादांच्या ऑपरेशननंतर आमच्या घरात दवाखान्याचं नाव कसं निघतं, तू बघितलंयस. मी ठरवूनच टाकलं होतं की आईचं सगळं नैसर्गिक करायचं. तेल, शेक, व्यायाम, जीवनसत्त्वं. तू म्हणालास, "तेल तिच्यासाठी लावतोस की तुझ्यासाठी?" तिथे बिनसलं. तू तणतणत गेलास, छत्री विसरलास आणि ती न्यायलाही आला नाहीस. दारामागे आहे अजून. तुझ्या आजवरच्या प्रत्येक छत्रीसारखी हिचीही एक काडी मोडकी आहे.

फोड बघून मात्र मी तिला घेऊन गेलो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? कोणती बोटं. मला तुझाच आवाज ऐकू आला. मग त्यांनी तिला दोन्ही मनगटं खाली वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून एक मिनिट धरायला सांगितलं. अर्ध्या मिनिटातच ती म्हणाली, आल्या मुंग्या. नंतर नसेची तपासणी झाली, बारीक बारीक झटके देऊन करतात ती. नस मनगटात दबलीय, कार्पल टनल. दोन्ही हातांत, उजवीकडे जास्त. मनगटात हाडांचा एक अरुंद बोगदा असतो, वर जाड पट्टा ताणलेला. त्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि ही एक नस जाते. जागा तेवढीच, त्यामुळे जरा सूज आली की सगळ्यांत आधी नस चेपते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू या नसेची. करंगळीची नस वेगळी, ती कोपराच्या आतल्या बाजूने येते. ती दबली तर करंगळी बधिर होते. आणि मानेत काही असेल तर दुखणं बहुतेक वेळा मानेकडून दंडातून खाली उतरतं. म्हणजे 'हाताला मुंग्या' हे एकच वाक्य, पण बोटं मोजली की तीन वेगळे रस्ते निघतात. मी दोन वर्षं तिच्या खांद्यापासून कोपरापर्यंत तेल चोळत होतो. बिघाड मनगटात.

पण माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलं ते गोळ्यांचं. डॉक्टर म्हणाल्या, घरात जे काही देताय ते सगळं घेऊन या. मी पिशवी भरून नेली. त्यांनी डब्यांवरचं बारीक अक्षर वाचत बेरीज केली. 'नसांसाठी' म्हणून मी दोन वेगळे डबे आणले होते आणि दोन्हींत बी-६ भरपूर. हे जीवनसत्त्व जास्त मात्रेत फार दिवस घेतलं तर तेच नसांना इजा करतं, हात-पाय बधिर करतं. मी जीवनसत्त्व म्हणून देत होतो रे, औषध म्हणूनही नाही. त्यातल्या त्यात बरं इतकंच की हा त्रास गोळ्यांच्या आधीचा आहे. दोन्ही डबे बंद केले. उलट जे कमी पडत होतं ते बी-१२. साखरेची मेटफॉर्मिन ती अकरा वर्षं घेतेय, आणि ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ घटू शकतं. ते रक्तात तपासायचं असतं हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता इंजेक्शनं चालू आहेत. थायरॉईड ठीक निघालं. तेही बघावं लागतं, कारण थायरॉईड मंदावलं किंवा साखर वाढली तरी ही नस दबण्याचा धोका वाढतो.

तुला वाटेल, आता हा नैसर्गिक उपायांना शिव्या घालणार. नाही. तिथे मी अजूनही तुझ्याशी भांडेन. आत्ता जे चाललंय त्यात बी-१२ सोडलं तर औषध जवळजवळ नाहीच. रात्री दोन्ही मनगटांना पट्टे, आत पट्टी घातलेले, म्हणजे मनगट सरळ राहतं. झोपेत ते आत वळलं की बोगद्यातला दाब वाढतो, म्हणून त्रास रात्रीचा. आई तर लहान मुलासारखी हात दुमडून गालाखाली घेऊन झोपते. दिवसा मी तिच्यासमोर बसतो आणि दोघं मिळून बोटांचा व्यायाम करतो. मूठ, मग बोटं सरळ, मग मनगट हलकेच मागे, मग अंगठा बाहेर. नस बोगद्यात पुढेमागे सरकावी एवढंच, ताणायचं नाही. पिळणं, कुटणं, फोन घट्ट धरून बसणं बंद. योगाचंही सांगतो, म्हणजे तू हसायला नकोस. १९९८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ४२ जणांवरचा अभ्यास छापून आला होता. आठ आठवडे आठवड्यातून दोनदा आसनं करणाऱ्यांची पकड सुधारली, दुखणंही कमी झालं. अभ्यास लहान आहे, मान्य. पण मी ते कात्रण जपून ठेवलंय, आलास की दाखवीन.

तेलाला डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. लावा म्हणाल्या, हाताला बरं वाटतं, फक्त नस त्याने मोकळी होणार नाही. शेक मात्र बंद, जिथे कळत नाही तिथे गरम काही लावायचंच नाही. आणि मान मोडून घ्यायला कुठे नेऊ नका म्हणाल्या. मी तेही ठरवलं होतं, दिग्या. दिवससुद्धा ठरला होता. ताई आडवी आली म्हणून राहिलं.

आता खरं सांगतो, ज्यासाठी लिहायला बसलो. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो ना, तो आईच्या उजव्या हाताला किंचित सपाट झालाय. दोन्ही हात शेजारी ठेवले की दिसतं. तिथला स्नायू वाळत चालला तर नुसत्या पट्ट्यांवर थांबता येत नाही, मनगटातल्या बोगद्यावरचा तो जाड पट्टा कापून नस मोकळी करावी लागते. आणि फार उशीर झाला तर नस मोकळी होऊनही गेलेलं सगळं परत येत नाही. सहा आठवडे पट्टे लावून बघू, मग ठरवू, असं म्हणाल्यात. पाच झाले. पुढच्या आठवड्यात जायचंय आणि डॉक्टर विचारतील, फरक आहे का?

मला माहीत नाही. मी रोज विचारतो, ती रोज म्हणते, बरं वाटतंय. पण तेलाने बरं वाटतंय असंही ती दोन वर्षं म्हणत होती. शेकाने बरं वाटतं म्हणत होती. त्या दोन डब्यांनीसुद्धा तिला बरं वाटत होतं. परवा मी तिला डोळे मिटायला लावले आणि कापसाने एकेक बोट स्पर्शून विचारलं, कुठलं? तिने पाचही बरोबर सांगितली. मला इतका आनंद झाला की ताईला हाक मारली. मग लक्षात आलं, मी अंगठ्यापासून ओळीने चाललो होतो. पुन्हा उलटसुलट केलं तर ती चार वेळा चुकली, आणि चुकल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "आज जरा थंडी आहे ना." थंडी कसली, दोघं घामाघूम झालो होतो.

ती खोटं बोलतेय असं मी म्हणत नाही. संध्याकाळी अर्धा तास मी तिचा हात हातात घेऊन बसतो, तेव्हा तिला बरंच वाटत असणार. फक्त मी विचारतो बोटांचं आणि ती उत्तर देते माझं. तेल कुणासाठी, हे तू विचारलंस तेव्हा मी का चिडलो ते आता मला कळतंय. तू म्हणालास त्यापेक्षा ते अवघड होतं. मी तिच्यासाठी लावत होतो आणि ती माझ्यासाठी लावून घेत होती. मध्ये हात तसाच राहिला.

तुझी नवी नोकरी कशी आहे? ताईने सांगितलं, धाकटीने शाळेत बक्षीस मिळवलं. तिला माझ्याकडून शाबासकी. वहिनींची बदली रद्द झाली का? सगळं कळव. तुझं अक्षर मी लावून घेईन, आई तर तुझं पत्र माझ्याआधी वाचते.

आणि येत्या शनिवारी ये. नाही म्हणू नकोस. रात्री राहा, दोनच्या सुमाराला ऊठ, आणि ती जागी असेल तर तिच्याशेजारी बसून विचार. मी त्या खोलीत येणार नाही. ती तुला सांगते तसं मला सांगत नाही, आणि सोमवारी डॉक्टरांसमोर मला तिचं खरं उत्तर घेऊन जायचंय. पट्टे काढून अनामिकेच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या विचार. करंगळीकडची बाजू जागी असते, दुसरी नसते. अंगठ्याच्या बुडाकडे तूही बघ. मी रोज बघतो, म्हणून मला आता काही नीट दिसत नाही.

छत्रीची काडी बसवून ठेवतो.

तुझा,
बाळू