आधी बूड तपासा, मग रंग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुनी शिडाची बोट विकत घेऊन, स्वतः दुरुस्त करून लांबच्या सफरीला निघण्याविषयीचा लेख वाचला. लेख वाचनीय आहे, पण त्यातली निम्मी जागा रंगाने आणि वॉर्निशने खाल्ली आहे. मी आयुष्यभर फिटर शाखेत शिकवले. निवृत्तीनंतर यजमानांसोबत अशीच एक जुनी फायबरग्लासची बोट बोटयार्डात दुरुस्त केली. रंग उडाला म्हणून कुठली बोट बुडत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

पाण्याच्या पातळीखाली बोटीला भोके असतात, हे बऱ्याच हौशी लोकांच्या गावीही नसते. इंजिन थंड ठेवायला पाणी आत घ्यायचे, मोरीचे आणि संडासाचे बाहेर सोडायचे, त्यासाठी ती असतात. प्रत्येक भोकावर एक झडप असते, तिला सीकॉक म्हणतात. ती साध्या पितळेची असेल तर खाऱ्या पाण्यात त्या पितळेतले जस्त हळूहळू निघून जाते आणि तांब्याचा भुसभुशीत सांगाडा मागे उरतो. आकार तोच, आटे तेच, वरून काही कळत नाही. आमच्या एका सीकॉकवर मी कानस फिरवली. खाली पिवळाधमक धातू दिसायला हवा होता, दिसला गुलाबीसर. हातोडीने हलकेच ठोकले तर आवाज बद्द. पाना लावला आणि मान तुटून हातात आली. तेच समुद्रात घडले असते तर? दीड इंची भोक पाण्याखाली दोन फुटांवर असेल तर मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येते. आता आम्ही सगळे सीकॉक ब्राँझचे बसवले आहेत आणि प्रत्येकाशेजारी मापाचा लाकडी खुंटा दोरीने बांधून ठेवला आहे. वेळ आली तर तो ठोकून भोक बुजवता येते.

स्टेनलेसवर तर लोकांची आंधळी श्रद्धा आहे. डोलकाठीला धरणाऱ्या तारा ज्या पट्ट्यांना जोडलेल्या असतात, त्या चेनप्लेट डेकमधून खाली जातात. उघड्या हवेत स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर ओरखडा पडला तरी पुन्हा तयार होतो. डेकच्या फटीत सीलंटखाली ओल साचून राहिली की तिथे प्राणवायू पोचत नाही, तो थर टिकत नाही आणि नेमक्या न दिसणाऱ्या जागी खड्डे पडतात, पुढे तडे जातात. वरचा भाग मात्र आरशासारखा चकचकीत. म्हणून चेनप्लेट पूर्ण बाहेर काढूनच बघावी. साफ करून तिच्यावर लाल डाय पेनिट्रंट लावायचे, थोडा वेळ मुरू द्यायचे, पुसून काढायचे आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. वर्गात मुलांना हा प्रयोग दाखवताना जी शांतता पसरायची, तीच यार्डात आमच्याभोवती जमलेल्या मंडळींत पसरली!

कील म्हणजे बोट उलटू नये म्हणून तळाला बोल्टांनी जोडलेली जड पाखळी. तिच्याबद्दल लेखात एक ओळही नाही. 2014 मध्ये अटलांटिक ओलांडताना ‘चीकी रफिकी’ या बोटीची कील निखळली आणि चार खलाशी गेले. पूर्वी तळ जमिनीला लागल्याचे प्रसंग आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांमुळे कीलजवळची बांधणी कमकुवत झाली असावी, असे ब्रिटिश तपास यंत्रणेने नोंदवले. तेव्हा जुनी बोट घेताना ‘कधी खडकाला लागली होती का?’ हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा. तळाच्या आतल्या बाजूला, कीलच्या बोल्टांभोवती, तडे किंवा गंजाचे ओघळ आहेत का ते टॉर्च लावून पाहावे.

त्या मानाने बुडावरच्या फोडांची, म्हणजे ऑस्मोसिसची, भीती फार वाढवून सांगितली जाते. फोड फुटला की आंबूस वासाचे पाणी निघते आणि मालकाचा धीर सुटतो, पण त्यामुळे बोट सहसा बुडत नाही. बूड नीट वाळू द्यावे आणि मगच इपॉक्सी लावावे. ओल्यावर लावून फुकट घालवू नये.

बुडावरच्या अँटिफाउलिंग रंगाबाबत लेखात ‘जुना रंग घासून काढा’ असे एका वाक्यात उरकले आहे, ते मला धोक्याचे वाटते. हा रंग मुळात बुडाला चिकटणाऱ्या जीवजंतूंना मारण्यासाठीच असतो. पूर्वी त्यात ट्रायब्युटिल्टिन हे कथिलाचे विषारी संयुग असे. त्याने कालवांची कवचे वेडीवाकडी होऊ लागली म्हणून फ्रान्सने 1982 मध्येच लहान बोटींवर ते बंद केले. 2001 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ते सर्व जहाजांवर निषिद्ध झाले, तो करार 2008 मध्ये लागू झाला. आता बहुतेक रंगांत तांबे असते, पण तेही फुप्फुसात जाण्याची वस्तू नव्हे. पाणी मारत घासावे, नाकाला योग्य मास्क लावावा, खाली ताडपत्री अंथरावी आणि जमलेला गाळ गटारात सोडू नये. आमच्या शेजारच्या बोटीवरचे गृहस्थ भर वाऱ्यात कोरडाच सँडर चालवायचे. त्यांची निळी धूळ आमच्या ओल्या इपॉक्सीवर बसली. मी बोलायला गेले तर म्हणाले, ‘ताई, बोट म्हटली की धूळ आलीच.’ त्याच गृहस्थांनी पुढे झिंकच्या ॲनोडवरही रंग फासला. बाकीचे धातू वाचावेत म्हणून ॲनोडने स्वतः झिजायचे असते. रंगाखाली झाकला तर तो काय झिजणार?

पुरवणीत या लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे म्हटले आहे. त्यात सूर्यास्ताच्या छायाचित्राबरोबर सीकॉक आणि चेनप्लेट यांचीही छायाचित्रे द्यावीत. सडलेली मिळाली तर अधिक चांगले. आमची तुटलेली मान मी जपून ठेवली आहे, हवी असल्यास पाठवीन.

आपली,
एक निवृत्त फिटर-शिक्षिका