मंडईतले नाटक आणि आपली माणसे

ब्रह्मपुरी तालुका,
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र दिवाळीच्या आधीच मिळाले होते, पण हलके धान कापून पुंजणे रचले जाईपर्यंत उत्तराला सवड झाली नाही. गेल्या आठवड्यात आमच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, वडशाच्या एका मंडळीने नाटक केले आणि त्या रात्रीपासून गावात दुसरा विषय नाही.

कथा घरगुतीच आहे. करारी बाप, दोन मुलगे, दोन सुना. धाकटा मुलगा रात्री सगळे निजल्यावर मेलेल्या आईची पेटी उघडतो आणि तिचे लुगडे नेसून आरशासमोर उभा राहतो. त्या क्षणी शिट्ट्या पडल्या आणि, खोटे कशाला सांगू, मीही हसलो; दंडारीत, आपल्या गावाकडच्या लोकनाट्यात, पुरुषाने लुगडे नेसून नाचायचे आणि आपण हसायचे, ही सवय लहानपणापासूनची. परंतु ऑर्गन थांबला, तो नट नाचला नाही, नुसता पदराचा काठ बोटांनी चाचपत राहिला, आणि अख्खा मंडप असा गप्प झाला की बाहेरच्या भजेवाल्याचा झारा ऐकू येऊ लागला. मागून कोणी तरी ओरडले, "उतरव गा ते!"

धाकट्याची बायको हे दारातून पाहते, पण आरडाओरडा करत नाही. सासऱ्याला दिसू नये म्हणून दिवा तेवढा मालवते. बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले ते तिथे. शेजारची म्हातारी म्हणाली, "माय जिती असती त तिनं पोटाशी धरलं असतं त्याले." आमच्या सौभाग्यवतींचे मत मात्र निराळे आहे: त्याच्या जिवाची ओढ नाटककाराला दिसली, तिची दिसली नाही. मला ते पटले, कारण मध्यंतरानंतर त्या सुनेला चार वाक्येही नाहीत आणि लावण्या मात्र तीन आहेत.

सकाळी पानठेल्यावर तरुण पोरे तावातावाने भांडत होती. आपली लिंगओळख आपणच ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्येच मान्य केला आहे, असे मी शिक्षकी थाटात सांगितले, तर एकाने लगेच उत्तर दिले, "गुरुजी, निकाल दिल्लीचा, पण सून त आपल्याच घरची ना!" यावर मला काही सुचले नाही, आणि अजूनही सुचलेले नाही.

दंडारीत वीस वर्षे बाईचे काम केलेले आपले काका तुला आठवत असतील. ते शेवटपर्यंत शाल गुंडाळून बसले होते. नाटकाबद्दल चांगले-वाईट काहीच बोलले नाहीत, घरी परतताना बांधावर थांबून एवढेच म्हणाले, "पोराचा कासोटा चुकला. आईचं लुगडं नेसणारा असा घाईनं नेसत नाही."

हाच प्रयोग पुढच्या महिन्यात शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्ताने तुमच्या बाजूला आहे. वहिनींना अवश्य घेऊन जा, आणि सुनेविषयी त्यांना काय वाटले ते सविस्तर कळव. पहाटे थंडी फार पडते, वाकळ विसरू नकोस.

तुझा,
गुरुजी