पैसा आणि नाव संस्थेकडे, कोड चमूकडे

संपादक महोदय,

ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअर प्रकल्पाला बँकेत खाते उघडायचे किंवा करारावर सही करायची, तर कायद्याच्या लेखी अस्तित्व लागते. ते नसल्यामुळे अनेक प्रकल्प पालक संस्थेच्या छत्राखाली जातात. ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ ही संस्था त्यासाठी देणगीतले ५ टक्के घेते. हिशेब आणि कराची कागदपत्रे सांभाळायची तर हे रास्तच आहे.

वाद पेटतो तो कोडवरच्या ताब्यावरून. रुबीजेम्स हे रुबी या प्रोग्रामिंग भाषेची पॅकेजेस, म्हणजे तयार कोडचे संच, हाताळणारे साधन. सप्टेंबर २०२५ मध्ये रुबी सेंट्रल या ना-नफा संस्थेने सुरक्षेचे कारण देत त्याची वर्षानुवर्षे देखभाल करणाऱ्यांचे गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरचे अधिकार काढून घेतले. पुढच्याच महिन्यात त्याची रेपॉझिटरी, म्हणजे कोडचे भांडार, रुबी भाषा घडवणाऱ्या मुख्य चमूने आपल्याकडे घेतली. इथे दोन गोष्टींची गल्लत झाली असे आमचे स्पष्ट मत आहे. पॅकेज पुरवणारा सर्व्हर चालवण्याची जबाबदारी संस्थेची असेल, तर त्याचे पासवर्ड कोणाकडे असावेत हे तिने जरूर ठरवावे. पण कोडमध्ये कोणी बदल करायचे, हा निर्णय काम करणाऱ्यांचाच. अपाचे फाउंडेशन या पालक संस्थेत संचालक मंडळ तांत्रिक निर्णयांत पडत नाही. नव्या आवृत्तीला प्रकल्प समितीतल्या किमान तिघांची होकाराची मते लागतात.

मात्र संस्थेकडे काहीच नसणेही घातक. नॅट्स हा संगणक प्रणालींमध्ये संदेश पोचवणारा प्रकल्प २०१८ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालच्या सीएनसीएफ या संस्थेकडे आला, पण ट्रेडमार्क सिनॅडिया कंपनीकडेच राहिला. २०२५ मध्ये कंपनी प्रकल्प परत मागू लागली, परवाना बदलण्याची भाषा करू लागली, तेव्हा हीच उणीव नडली. अखेर तडजोडीत ट्रेडमार्क लिनक्स फाउंडेशनला द्यायचे ठरले. हडसन या सॉफ्टवेअरचे नाव ओरॅकल कंपनीच्या हाती होते, म्हणून २०११ मध्ये चमूला जेन्किन्स या नव्या नावाने उभे राहावे लागले.

तेव्हा ट्रेडमार्क, डोमेन आणि पैसा संस्थेच्या नावावर पहिल्याच दिवशी करावा. रेपॉझिटरीचे मालकी हक्क मात्र किमान दोन देखभालकर्त्यांकडे राहावेत. संस्थेचा एखादा हक्क ठेवायचाच तर तो आणीबाणीपुरता. कोणाचा प्रवेश बंद केला तर कारण लेखी द्यावे आणि किती दिवसांत फेरविचार होईल हेही करारातच लिहावे.

आणि बाहेर पडण्याचे कलम सही करण्याआधी वाचावे. धर्मादाय संस्थेतला पैसा सहसा व्यक्तीला किंवा कंपनीला देता येत नाही, दुसऱ्या ना-नफा संस्थेलाच देता येतो. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनने २०२४ मध्ये गाशा गुंडाळायचे जाहीर केले, तेव्हा तिच्या छत्राखालच्या प्रकल्पांना ठरलेल्या मुदतीत नवी पालक संस्था शोधावी लागली. नाव, डोमेन आणि शिल्लक रक्कम कोणत्या क्रमाने, किती दिवसांत हस्तांतरित होणार, हे त्या कलमात नसेल तर सही करू नये.

– ओपन सोर्स प्रकल्पांचे काही देखभालकर्ते